दुपारच्या बाई

मुलुंड पूर्वेला पुलाचा जिना उतरलं की तिकीटघराच्या अलीकडे एका खांबाला टेकून एक टेबल मांडलेलं असतं. त्यावर निळं रेक्झिन, रेक्झिनवर काच आणि काचेखाली हाताने काढलेला आसपासचा नकाशा. पुढे पाटी लावलेली: ‘पत्ता विचारा. सकाळी ९ ते १२. ज्येष्ठ नागरिक संघ.’

प्रत्येकाच्या हातात मोबाईल असताना पत्ता विचारायला कोण येतं, असं लोक हसून विचारायचे. टेबलामागे बसणाऱ्या रत्नप्रभाबाई परुळेकर न चिडता समजावून सांगायच्या. मोबाईलला बिल्डिंगचं आजचं नाव ठाऊक असतं. गावाहून येणाऱ्याच्या डायरीत मात्र वीस वर्षांपूर्वीचं नाव असतं. मधल्या काळात जुनी बिल्डिंग पाडून टॉवर झालेला असतो, माणसं दुसरीकडे गेलेली असतात. अशा वेळी माणूसच लागतो.

बाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. कोणी पत्ता विचारला की त्या पाठकोऱ्या कागदावर नकाशा काढून देत. वर उत्तर दिशेचा बाण, कोपऱ्यात खुणांची चौकट, अंतर पावलांत. मग वहीत नोंद करत. वहीत चार रकाने होते: नाव, कुठे जायचं, वेळ आणि पोचले. चौथ्या रकान्यात बरोबरची खूण सहजासहजी होत नसे. जाताना प्रत्येकाला त्या सांगत, “परत जाताना इथे येऊन सांगा हं, सापडलं की नाही ते.” तो माणूस येऊन सांगेल तेव्हाच खूण. गणिताचा ताळा करतात तसा हा पत्त्याचा ताळा. शंभरातले सात-आठ जण सांगायला येत. बाकीचे रकाने कोरेच राहत, आणि बाईंना ते खुपत असे.

त्यांच्या पिशवीत कायम एक लाल पेन असे. सोसायटीच्या नोटिसांपासून मिथुनच्या वडापावच्या गाडीवरच्या पाटीपर्यंत त्यांनी काय काय तपासलं होतं! मिथुन म्हणायचा, “बाई, माझ्या वड्यालापण मार्क द्या ना एकदा.” बाई हसत नसत. हसणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांनी शिकवलेल्या मुलांना त्यांचं प्रेम वहीच्या समासातून कळायचं.

आता त्यांची एकच विद्यार्थिनी उरली होती. वरच्या मजल्यावरच्या श्रेयस आणि रेवतीची गंधाली. दोघंही ऑफिसला जाणारी, त्यामुळे गंधाली तीन वर्षांची असल्यापासून बाईंकडे वाढली. आता ती पाचवीत होती. बारा वाजता बाई टेबलावरून उठत, शाळेतून तिला घेऊन घरी येत, जेवायला वाढत, संध्याकाळी नकाशाची वही उघडत. जूनमध्ये मात्र गंधालीने जाहीर केलं, “बाई, मी आता मोठी झालेय. एकटी येणार. सगळे हसतात मला.” बाईंनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्या घरी बसून घड्याळ बघू लागल्या.

जुलैत एका सकाळी काशीराम नावाचे गृहस्थ टेबलापाशी आले. सावंतवाडीकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले, अंगात पांढरा स्वच्छ शर्ट.

“सांगूक इलंय,” ते म्हणाले. “काल पत्तो दिलात, तो बरोबर गावलो.”

“काल? मी तर तुम्हाला पाहिलं नाही.”

“तुम्ही नाय. दुपारच्या बाई. तेनी सांगितल्यानी, परत येवन सांगा म्हणान.” त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. “माणिक निवास. आमचो भाऊ ऱ्हवता थंय. गिरणीत येकाच खात्यात होतंव. तीस वर्सांनी भेटलो. चाय पाजल्यान, तेव्हा सोडल्यान.”

बाईंनी कागद उलगडला. पेन्सिलीने काढलेला नकाशा होता. उत्तरेचा बाण नाही, प्रमाण नाही. पण रेषा अशी सहज होती की नजर तिच्याबरोबर चालू लागावी. गव्हाणपाड्याच्या वळणावर चिंचेचं झाड, पुढे विहीर, विहिरीवर वाकलेली एक बाई. विहिरीमागे दुमजली घर आणि दारात हात वर केलेला एक माणूस.

“ही विहीर बुजवली,” बाई म्हणाल्या. “माणिक निवास पाडून सहा वर्षं झाली. तिथे टॉवर आहे.”

“असात,” काशीराम समजुतीने म्हणाले. “पण माका गावला. येत्या बुधवारी परत येतलंय. खाजा आणतंय भावाक.”

ते गेल्यावर बाईंनी वही मागे चाळली. त्यांच्या नोंदींच्या खाली, रोज, दुसऱ्या अक्षरातल्या नोंदी होत्या. गोलसर, पेन्सिलीतलं अक्षर. वेळ कायम बारानंतरची. आणि चौथ्या रकान्यात एकूण एक नावापुढे बरोबरची खूण.

एकूण एक.

कोणीतरी आपल्या घरात येऊन आपल्याच भांड्यांत आपल्यापेक्षा चांगला स्वयंपाक करून जावं, तसं त्यांना झालं. हे आधी दिसलं कसं नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नाही.

त्यांनी संघाच्या सेक्रेटरींना, जयवंतरावांना गाठलं. “दुपारी कोणाला बसवलंत?”

“मी? अहो बाई, सकाळचीच पंचाईत. तुम्ही एकट्या नेटाने बसता. दुपारी उन्हात कोण येऊन बसणार?”

“मला न विचारता बसवलंत तरी माझी हरकत नाही. पण सांगायला हवं होतं.”

जयवंतरावांनी खिशातली किल्ली काढून दाखवली. “दुपारी टेबल रिकामं असतं, बाई. खुर्चीला साखळी घालून कुलूप मीच लावतो ना.”

खोटं बोलतायत, असं बाईंनी ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात गंधाली रोज उशिरा येऊ लागली. शाळा साडेबाराला सुटायची आणि ही दीड वाजता घरी. चौथ्या दिवशी बाईंनी विचारलं.

“स्टेशनवर होते,” गंधाली ताटातली भेंडी बाजूला सारत म्हणाली. “दुपारच्या बाईंकडे.”

बाईंच्या हातातला डाव थांबला. “कोण आहेत त्या?”

“बाई आहेत. तुमच्यासारख्याच. पण भारी आहेत यार! शिट्टी वाजवतात. आणि त्या नकाशात माणसं काढू देतात.”

“नकाशात माणसं नसतात, गंधाली. माणसं हलतात. जे जागचं हलत नाही तेच नकाशात काढायचं.”

“त्या म्हणतात, माणूसच काढला नाही तर पोचायचं कोणाकडे?”

वर्गातल्या पन्नास मुलांपैकी कोणी त्यांना असं कधी उलटून विचारलं नव्हतं. त्यांनी तिला भेंडी संपवायला सांगितली, जरा जास्तच मोठ्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता त्या घरी गेल्या नाहीत. पुलावर चढून, कठड्याला टेकून खाली बघत उभ्या राहिल्या. वरून टेबल दिसत होतं, पण खुर्ची नेमकी खांबाआड जात होती. साडेबाराच्या सुमारास एक जोडपं टेबलापाशी आलं. दोघं खांबाच्या दिशेने वाकली, काही बोलली, माना डोलावल्या. हसली. त्यांनी एक कागद घेतला आणि गेली. मग एक म्हातारी आली. तीही हसली. मग दप्तर सांभाळत गंधाली आली. टेबलावर कोपरं टेकून, एक पाय हलवत ती बोलत राहिली, बोलतच राहिली. घरी तिच्याकडून दोन वाक्यं काढायला बाईंना चार प्रश्न विचारावे लागत.

बाई जिना उतरल्या. बावन्न पायऱ्या. गुडघ्यांनी जमेल तेवढ्या भराभर.

गंधाली निघून गेली होती. खुर्ची रिकामी होती आणि तिला साखळी, साखळीला कुलूप. काचेवर पेन्सिलीला टोक केल्याचे ताजे छिलके पडले होते. पंखा नव्हता, वारा नव्हता, तरी त्यांतला एक अजून हलत होता.

“मिथुन, इथे कोण बसलं होतं रे आत्ता?”

“दुपारच्या बाई ना?” मिथुन तेलात वडे सोडत म्हणाला. “होत्या की. भारी बाई आहे. माझ्या वड्याला दहापैकी दहा दिले.”

बुधवारी दहा वाजता काशीराम आले, हातात खाज्याचा पुडा. सवयीने नमस्कार करून त्यांनी तोच कागद पुढे केला. “ह्याच वाटेन जातंय परत.”

“दाखवा जरा,” बाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून लाल पेन काढलं. आधी चिंचेवर फुली मारली. चिंच पंधरा वर्षांपूर्वी तोडली होती. मग विहिरीवर. मग दुमजली घरावर एक आडवी रेघ आणि शेजारी सुवाच्य अक्षरात: ‘पाडलं आहे.’ वर उत्तरेचा बाण. चौतीस वर्षं हजारो वह्यांत केलं होतं तेच त्या करत होत्या. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला त्यांच्या मनात भूगोल नव्हता. त्या नकाशातल्या सहज रेषा नासल्यावर त्यांना बरं वाटलं होतं.

“आता बरोबर आहे,” त्यांनी कागद परत दिला.

साडेअकराला काशीराम परत आले. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. पुडा तसाच हातात.

“बाईनू,” ते म्हणाले, “तां घर खंय गेला?”

बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

“थंय टॉवर असा. वॉचमन म्हणता, हय कोण भाऊ ऱ्हवाक नाय. मी सांगतंय तेका, अरे आठ दिवसांपूर्वी हयच बसलंय, ह्या हातान चाय घेतलंय.” त्यांनी हात पुढे करून दाखवला. “तेना माका सांगितल्यान, काशी, आता येत जा.”

“तुमची काहीतरी गल्ली चुकली असेल,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

काशीराम पुडा टेबलावर ठेवून पूल चढून गेले. बाईंनी वही उघडली. पेन्सिलीतल्या अक्षरात काशीरामांचं नाव होतं. चौथा रकाना कोरा होता. कागदावर खोडल्याची साधी खरवडही नव्हती.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी लाल पेन कपाटाच्या खणात ठेवून खण लावून घेतला. स्वतःला समजावलं, जसं घाबरलेल्या मुलाला समजावतात तसं, पायरी पायरीने. म्हाताऱ्या माणसाची आठवण दगा देते. पहिल्यांदा तो भलत्याच घरात गेला असेल. पेनाने कुठे घरं पडतात? सगळं समजावून झालं, तरी तीन दिवस त्यांनी खण उघडला नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी गंधाली नकाशाची वही देऊन गेली. दाराशी थोडी घुटमळली. “बाई, नीट बघा हं. घाई नका करू.”

“मी कधी घाई करते?”

“तसं नाही,” गंधाली म्हणाली, आणि जिन्याने वर पळाली.

बाईंनी चष्मा लावला. पानावर शीर्षक होतं: ‘आमचं स्टेशन.’ पूल होता, तिकीटघर होतं, मिथुनची गाडी होती. सगळं पेन्सिलीत, सगळं त्या दुसऱ्या हाताच्या वळणाचं. बाण नाही, चौकट नाही. पाच वर्षं घासून शिकवलेलं पंधरा दिवसांत पुसून गेलं होतं. पानाच्या मधोमध टेबल आणि टेबलामागे एक बाई. अंबाडा, चष्मा, खांद्यावरून पदर. गंधालीने इतक्या मायेने दुसरं काहीच काढलं नव्हतं. अंबाड्याचा केस न् केस काढला होता.

आणि ती बाई हसत होती. दात दिसतील एवढी, डोळे बारीक करून.

म्हणून नीट बघायला सांगत होती तर. कशी दिसते ती दुपारची बाई, बघा म्हणून.

बाईंनी खण उघडला.

फुली मारताना पेन एवढं रुतलं की कागद फाटला. त्यांनी ती बाई पुरती झाकली, हसणं आधी. मग समासात लिहिलं, अक्षर जराही न बिघडवता: ‘नकाशात माणसं नसतात.’

सकाळी पावणेसातला जिन्यात गंधाली भेटली. बाई बाजूला सरकल्या. “वही तपासली आहे,” त्या म्हणाल्या. गंधाली मान वर न करता त्यांना ओलांडून उतरली. खालच्या वळणावर थांबून तिने वर, बंद दाराकडे, एकदा पाहिलं आणि निघून गेली.

अजून वही बघितलीही नाही आणि एवढा रुसवा, असं बाईंना वाटलं. दुखलं.

स्टेशनवर मिथुनने “बाई, चहा?” विचारलं नाही. त्यांनीच मागितला. मिथुन फडक्याने काउंटर पुसत राहिला.

“मिथुन, चहा.”

त्याने फडकं पिळलं आणि रेडिओचा आवाज वाढवला.

बाई आपल्या खुर्चीवर बसल्या. सव्वानऊला एक बाई लग्नपत्रिका घेऊन आली. पाटी वाचली, खुर्चीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

“या, कुठे जायचंय?”

“कोणी नाही वाटतं अजून,” ती स्वतःशी म्हणाली आणि गेली.

मग एक तरुण. मग दोन कॉलेजच्या मुली. मग एक गृहस्थ, त्यांनी तर आपली छत्री बाईंच्या हाताला लागून काचेवर ठेवली, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि छत्री उचलून गेले.

अकरा वाजता जयवंतराव आले. खुर्चीकडे बघून त्यांनी जिभेने च् केलं. खिशातून मोबाईल काढून नंबर लावला.

बाईंच्या पिशवीत फोन वाजला.

जयवंतराव हाताच्या अंतरावर उभे होते. फोन वाजत होता. ते पुलाकडे बघत, कानाला मोबाईल लावून वाट पाहत होते.

बाईंनी फोन उचलला. “जयवंतराव, मी इथेच आहे. तुमच्या समोर.”

“उचलत नाहीत,” जयवंतराव पुटपुटले. “असं कधी करत नाहीत.” त्यांनी मोबाईल खिशात टाकला.

बाई बसून राहिल्या. काचेखाली त्यांनीच काढलेला नकाशा होता. त्याच्यावर त्यांनी बोट ठेवलं, स्टेशनवर, आपण आहोत तिथे. बोट थंड पडलं होतं.

साडेअकरा. पावणेबारा. इंडिकेटरच्या घड्याळावर १२:०० झाले.

“बाई, जरा पत्ता सांगता का?”

पाठीवर सॅक घेतलेला एक मुलगा सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होता. “आजोबांचे दोस्त आहेत. माणिक निवास, विहिरीच्या मागे. सगळे म्हणतात, दुपारच्या बाईंना विचार. त्या तुम्हीच ना?”

बाईंनी कागद ओढला. हाताला पेन्सिल लागली. बाण काढायचा राहिला. वळणावर चिंच आली, विहीर आली, पाणी शेंदणारी बाई आली. घराच्या दारात त्यांनी एक माणूस काढला, हात वर केलेला. रेषा आपसूक चालत होती, थांबवता येत नव्हती.

“परत जाताना सांगून जा,” त्या म्हणाल्या. ओठ कानापर्यंत ताणले गेल्याचं त्यांना जाणवलं. त्या हसत होत्या.

“नक्की,” मुलगा म्हणाला.

पाऊण वाजता दप्तर आपटत गंधाली आली आणि थेट त्यांच्या गळ्यात पडली.

सहा वर्षांची असताना ती अशी शेवटची बिलगली होती. बाईंनी तिला घट्ट धरलं. केसांना तोच शिकेकाईचा वास होता. ही आपल्याला कोण समजून बिलगली आहे, हे विचारायचं नाही असं त्यांनी ठरवलं.

“सकाळच्या बाई आज जिन्यात आल्याच नाहीत,” गंधाली म्हणाली. “रोज असतात. त्यांच्या दाराला कुलूप होतं.”

“हो का?”

“मी त्यांचं चित्र काढलं होतं, वहीत. ह्या टेबलापाशी. तुम्ही म्हणालात ना, माणसं काढायची, तसं.” तिने दप्तराचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला. “त्या कधी हसत नाहीत. म्हणून मी त्यांना मुद्दाम हसताना काढलं. त्यांनी पाहिलं की नाही कोण जाणे.”

बाईंनी तोंड उघडलं. त्यांना नाव सांगायचं होतं. रत्नप्रभा. खालच्या मजल्यावरची. भेंडी. बावन्न पायऱ्या. एकेक शब्द जिभेवर येऊन गोलसर होऊन सुटत होता, आणि तोंडून निघाली ती शिट्टी.

गंधाली खळखळून हसली.

“तुम्ही थोड्या थोड्या त्यांच्यासारख्याच दिसता,” ती त्यांच्या मांडीला टेकत म्हणाली. “त्या आल्या तर सांगाल का, मी वाट बघतेय?”

बाईंनी एक हात तिच्या पाठीवर तसाच ठेवला; तो काढायला त्यांचं मन होत नव्हतं. दुसऱ्या हाताने पिशवी चाचपली, लाल पेन शोधायला, तळापर्यंत, दोनदा. पेन नव्हतं. पेन्सिली होत्या, पिशवीभर, सगळ्यांना टोक केलेलं.